उडीवर पास

दुपारी जेवणं आटोपली, आईनं चुलीपुढची जागा पुसून घेतली की आमच्या ओसरीवर जाजम पडायचं. शेलूबाजारला आमचं घर मोठ्या रस्त्यापासून दोनच घरं आत होतं. ट्रकांचे हॉर्न, 'मंगरूळ मंगरूळ, कारंजा कारंजा' असं घसा फोडून ओरडणारे जीपवाले, आणि आमच्या भिंतीला भिंत लावून एकाची डिझेलवर चालणारी पिठाची चक्की. ही चक्की नेमकी आमच्या जेवणानंतर सुरू व्हायची आणि उन्हं उतरेपर्यंत तिचं पुक-पुक थांबत नसे. बाकीच्या गावाला त्या वेळी डुलकी लागलेली असायची. आम्ही चौघं मात्र, म्हणजे बाबा, आई, दिनूकाकाजी आणि मी, जाजमाच्या चार कडांना मांडी घालून ब्रिज खेळत बसायचो.

हे वाचून कुणाला वाटेल आम्ही कुणी साहेबलोक होतो. छे! शेती होती, तूर, ज्वारी, कपाशी, आणि ती बघायचे मोठेबाबा, बाबांचे थोरले भाऊ. घरात त्यांचा शब्द शेवटचा. बाबा त्यांच्या पाठचे, हुशार, म्हणून त्यांना अकोल्याला शेतीच्या कॉलेजात धाडलं होतं. तिथून त्यांनी नवं बियाणं आणलं, ते मोठेबाबांनी पेरू दिलं नाही. पदवी आणली, ती पेटीत गेली. राहिला वसतिगृहात शिकलेला ब्रिज. त्याला चार माणसं लागतात आणि आख्ख्या शेलूबाजारात हा खेळ दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हता. मग बाबांनी ती चार माणसं घरातच तयार केली. आधी धाकटा भाऊ दिनू, ज्याला एका कानानं कमी ऐकू यायचं. मग आई. आई सुरुवातीला म्हणायची, "मले स्वयंपाक सोडून ह्या कागदाइत कायले गुतवता?" आणि दोन वर्षांत तीच बाबांच्या चुका काढायला लागली. चौथी मी, कारण चौथं कुणी मिळेना. मी तेव्हा पाचवीत होते. मोठेबाबा या जाजमाकडे कधी फिरकले नाहीत. त्यांच्या लेखी पत्ते म्हणजे पत्ते, मग ते झाडाखालचे असोत की ओसरीवरचे.

खेळताना खायला मिळायचं ते बाबांच्या कायद्यात बसणारं. तेलाचा हात पत्त्याला लागता कामा नये. त्यामुळे हिवाळ्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा, एरवी फुटाणे, उन्हाळ्यात पन्ह्याचा तांब्या. रविवारी गोळ्यांची कढी आणि ज्वारीची भाकर असायची आणि ती जेवून दिनूकाकाजी हमखास पेंगायचे. आईची आणि त्यांची जोडी. बाबांची आणि माझी. पेंगणारा भिडू वाट्याला आला म्हणून आई इतकी वैतागायची की एकदा तिनं तुरीच्या शेंगांची सालं त्यांच्या मांडीवर फेकली. "भाऊजी, तुमी झोपा, मी दोघाइचे पत्ते खेयतो!" काकाजी डोळे उघडून शांतपणे म्हणाले, "पास."

ब्रिज ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडंसं सांगते, फार नाही. समोरासमोर बसलेले दोघं एकमेकांचे भिडू. पत्ते वाटले की खेळण्याआधी बोली होते. या बोलीत आपल्या हातात काय आहे ते भिडूला कळवायचं, पण नुसता आकडा आणि पत्त्याचा रंग सांगून. बाकी एक शब्द नाही, डोळा मारणं नाही, खाकरणं नाही. समजा बाबा म्हणाले 'एक बदाम'. म्हणजे त्यांच्याकडे बदाम बरे आहेत आणि पत्ते बोली उघडण्याजोगे आहेत. माझ्याकडे इस्पिक असतील तर मी 'एक इस्पिक' म्हटलं तरी चालतं, कारण इस्पिक बदामाच्या वर. पण ती पायरी गाळून मी एकदम 'दोन इस्पिक' म्हटलं तर? गरज नसताना पायरी गाळली, त्या अर्थी मला काही मोठं सांगायचं आहे. भिडू, माझे पत्ते जबरदस्त आहेत, आता मध्येच थांबायचं नाही. अशा बोलीवर भिडूला 'पास' म्हणता येत नाही. काहीही बोल, हलक्यातलं हलकं बोल, पण बोल, म्हणजे पुढच्या फेरीत मला माझे पत्ते नीट उलगडून सांगता येतील. बाबा या बोलीला 'उडी' म्हणायचे. ते मला बजावून सांगायचे की सुमे, उडीवर पास म्हणणारा माणूस ब्रिज खेळत नाही, तो नुसता बसलेला असतो.

हल्ली नातवानं मला मोबाइलवर हा खेळ घालून दिलाय. कुठकुठल्या देशांतली माणसं भिडू म्हणून समोर येतात. ती उडी घेतात, मी मोठ्या अपेक्षेनं पुढे बोलते, आणि पत्ते उघडले की हातात काय तर एक राणी आणि एक गुलाम! आता म्हणे उडीचा अर्थ उलटा झालाय, पत्ते फालतू असले की उडी घ्यायची, विरुद्ध जोडीची वाट अडवायला. असेल बापडा नवा रिवाज. मला इतका राग येतो की मी मोबाइल पालथा घालून ठेवते आणि सूनबाई विचारते, "आई, काय झालं?" तिला काय सांगू?

तर चक्की. चक्कीच्या आवाजात आणि काकाजींच्या कानामुळे आमच्या घरी उडीचे फार हाल व्हायचे. आई म्हणायची 'दोन इस्पिक', काकाजींना ऐकू यायचं 'एक इस्पिक' किंवा नुसतंच पुक-पुक. ते पास म्हणून मोकळे, आणि आईच्या हातात चार एक्के कुजत पडलेले. दोनतीनदा असं झाल्यावर आईनं पत्ते फेकले आणि सांगितलं की मी खेळणार नाही. तेव्हा बाबांनी घरापुरता एक नियम केला. ज्याला उडी घ्यायची त्यानं आधी मोठ्यानं 'उडी' म्हणायचं आणि मग बोली सांगायची. 'उडी, दोन इस्पिक.' 'उडी, तीन किलवर.' मी ब्रिज शिकले तो असा शिकले. 'उडी' हा त्या बोलीचाच पहिला शब्द आहे असं मला वाटायचं. बाबांनाही पुढेपुढे तसंच वाटत असावं, कारण बाहेर हे चालत नाही असं त्यांनी मला कधी सांगितलं नाही. आजही मला याचं नवल वाटतं. माणसानं सगळा खेळ शिकवला, नेमकं एवढं सांगायचं विसरला!

मला पत्ते लक्षात राहायचे. कोणता गेला, कोणता कुणाकडे उरला, हे न ठरवता डोक्यात मांडलं जायचं. शाळेतलं गणितही तसंच. बारावीला आमच्या सरांनी घरी येऊन बाबांना सांगितलं की हिला नागपूरला पाठवा, गणित घेऊन बी.एस्सी. करू द्या, हिचं डोकं वाया घालवू नका. बाबा खूश झाले, सरांना दोनदा चहा पाजला. पण पाठवायचं की नाही हे ठरवणार मोठेबाबा. त्यांचं आधीच ठरलेलं होतं. वाशिमला कॉलेज आहे, एसटीनं सकाळी जाईल, दुपारी येईल, बी.ए. होईल, तोवर स्थळ बघू. माझी चुलत बहीण तशीच गेली आणि तशीच लग्न होऊन गेली होती.

मी बाबांच्या मागे लागले. न्हाणीपाशी, गोठ्यापाशी, ते सायकल पुसत असले तर तिथं. बाबा म्हणायचे, "हो, बोलतो ना." मग त्याच सुमारास अकोल्याच्या एका क्लबात ब्रिजच्या जोड्यांची स्पर्धा आहे असं त्यांच्या जुन्या कॉलेजमित्रानं कळवलं आणि बाबांच्या डोक्यात एक बेत शिजला. मला गोठ्यामागे नेऊन ते म्हणाले, "आपण दोघं जाऊ. कप जिंकून आणू. डाक्टर-वकिलाइले हरवून आणलेला कप भाऊसमोर ठेवला की मले बोलाले तोंड राह्यते. पाहा म्हणतो, पोरीचं डोकं पाहा." मला ते पटलं. कप आला की नागपूर. त्यानंतरचा महिनाभर मी जेवताना, निजताना, आईबरोबर शेवया करताना डोक्यात पत्ते वाटत होते. काकाजींना तर झोपूच दिलं नाही.

स्पर्धा रविवारी होती. आदल्या दिवशीच अकोल्याला जाऊन आम्ही त्या मित्राकडे मुक्काम केला. आईनं दशम्या, कोरडं बेसन आणि लसणाची चटणी बांधून दिली होती. निघताना ती मला म्हणाली, "घाबरू नको. तुह्या बापापेक्षा तुले जास्त येते." बाबा जवळच उभे होते, पण तेव्हा ते पिशवीचे बंद बांधत होते. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

क्लबाचा हॉल थंड होता. वर पंखे, टेबलांवर हिरवं कापड, बुशशर्टातली माणसं, सिगारेटचा वास. बायका दोनतीन होत्या, पण मुलगी मी एकटीच, दोन वेण्या घातलेली. एकानं बाबांना विचारलंसुद्धा, "भिडू कुठे आहे तुमचा?" बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तो हसला नाही, पण त्याचे डोळे हसले. मला बरंच झालं. राग आला की माझं गणित चांगलं चालतं.

सकाळभर आम्ही झकास खेळलो. जेवणाच्या सुट्टीत फळ्यावर गुण लिहिले तेव्हा आमची जोडी सगळ्यांत वर होती. बाबांना घास गिळवेना. ते दशमी हातात धरून फळ्याकडेच बघत बसले. मी त्यांच्याही वाटचं बेसन खाल्लं. एकदोघं येऊन 'कुठले तुम्ही?' विचारून गेले. शेलूबाजार म्हटल्यावर 'ते कुठं आलं?' असं पुन्हा विचारून गेले. मला वाटत होतं, संध्याकाळच्या एसटीत मांडीवर कप असेल आणि तो मी बाबांना धरू देणार नाही.

दुपारच्या शेवटच्या फेरीत आमच्यासमोर एक वकील आणि एक डॉक्टर आले. पत्ते उचलले. दिवसभरात उडी घेण्याजोगे पत्ते पहिल्यांदाच आले होते आणि ते मला आजही जसेच्या तसे दिसतात. इस्पिकचे सहा: एक्का, राजा, राणी, गुलाम, अट्ठी, छक्की. बदामचा राजा आणि दोन हलके. चौकटचा एक्का, पंजी. किलवरचे दोन भिकार. एवढे पत्ते हातात आले तर मी आधी स्वतःच बोली उघडली असती, पण आधी बोलायची पाळी बाबांची होती आणि ते म्हणाले, "एक बदाम." त्यांच्याकडे बदाम, माझ्याकडे बदामचा राजा आणि इस्पिकची ही रांग. वकील म्हणाले, "पास." आणि मी, जसं आठ वर्षं म्हणत आले होते तसं, म्हटलं, "उडी, दोन इस्पिक."

डॉक्टरांनी पत्ते खाली ठेवले. "काय म्हणाली ही?" मला कळेना काय चुकलं. मी पुन्हा सांगितलं, "दोन इस्पिक." "त्याच्या आधी काय म्हणालीस?" "उडी." त्यांनी हात वर करून पंचांना बोलावलं. पंच म्हणजे एक म्हातारे गृहस्थ, मऊ आवाजाचे. डॉक्टर म्हणाले की ही मुलगी भिडूला तोंडानं इशारा देते आहे. आजूबाजूच्या टेबलांवरची डोकी वळली. माझे कान तापले. बाबांच्या कपाळावर घाम आला. पंचांनी मला विचारलं, मी चक्कीचं आणि काकाजींच्या कानाचं सांगितलं, तेव्हा शेजारच्या टेबलावर कुणीतरी फस्सकन हसलं. पंच हसले नाहीत. ते बाबांना म्हणाले, "शब्द जास्तीचा झाला, हे खरं. पण बोली दोन इस्पिक आहे आणि तिचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही 'उडी' ऐकलीच नाही असं समजून जे बोलायचं ते बोला." इतकं सरळ सांगितलं त्यांनी. मला हायसं वाटलं. डॉक्टर म्हणाले, "पास." आता बाबांची पाळी. बाबांनी पत्त्यांकडे पाहिलं, पंचांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "पास."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. इथं तर चक्कीही नव्हती. वकीलही पास म्हणाले, बोली संपली, आणि आम्ही दोन इस्पिक खेळणार हे ठरलं. दोनाची बोली म्हणजे सहा आणि वर दोन, तेरापैकी आठ हात जिंकण्याची हमी. पोरखेळ. डॉक्टरांनी पत्ता टाकला आणि नियमाप्रमाणे बाबांनी आपले पत्ते टेबलावर उघडे मांडले. बदामचा एक्का, राणी, गुलाम आणि दोन हलके. चौकटचा राजा. किलवरचा एक्का. मी ते बघत राहिले. तेराच्या तेरा हात आमचे होते, कुणीही अडवू शकत नव्हतं, आणि ते सगळे जिंकू असं बोलीत सांगितलं असतं तर या खेळातलं सगळ्यांत मोठं बक्षीस होतं ते. मी एकामागून एक हात घेतले. माझे डोळे भरले होते म्हणून मला पत्ते नीट दिसत नव्हते, पण बघायची गरजही नव्हती. शेवटी वकील म्हणाले, "सगळेच?" मी म्हटलं, "सगळेच."

त्या एका डावानं आम्ही दुसरे आलो. दुसऱ्या नंबराला टाळ्या होत्या. पण बाबांना टाळ्या जरा जास्तच पडल्या, कारण क्लबाच्या अध्यक्षांनी भाषणात त्यांचं कौतुक केलं. म्हणाले, भिडूच्या तोंडून चुकून जास्तीचा शब्द गेला तर त्याचा लवमात्र फायदा नको म्हणून हातात असलेला डाव सोडून देणारा माणूस आज आपण पाहिला. सगळे उभे राहिले. डॉक्टरांनी येऊन बाबांचा हात हातात घेतला. बाबा मान खाली घालून उभे होते आणि कानापर्यंत लाल झाले होते. मी त्यांच्या शेजारी उभी होते. मला कुणी काही म्हणालं नाही.

परतीच्या एसटीत खिडकीजवळ मी, मध्ये बाबा. बार्शीटाकळी मी मागे पडू दिली. मग विचारलं, "बाबा, काहून पास म्हटलं?"

"तू उडी म्हटलं ना. ते आयकून बोललो असतो तर बेइमानी झाली असती."

"पंचानं तर म्हटलं, आयकलंच नाई असं समजा. मंग नसतं आयकलं तर दोन इस्पिकवर काय बोलले असते तुमी?"

बाबांनी तिकिटं काढून पाहिली आणि परत खिशात ठेवली.

"सांगा ना. उडीवर पास कोण म्हणते?"

"हळू बोल," ते म्हणाले. "लोक आयकून राह्यले." पुढच्या बाकावरचा माणूस खरंच वळून बघत होता. मी खिडकीबाहेर तोंड केलं ते शेलूबाजार येईपर्यंत आत घेतलं नाही.

घरी आल्यावर ही गोष्ट बाबांनी नाही, त्यांच्या अकोल्याच्या मित्रानं पसरवली. त्यानं मोठेबाबांना चार ओळींचं पत्र लिहून कौतुक कळवलं. काकाजींनी पानठेल्यावर सांगितली. मोठेबाबा, जे बाबांशी वर्षानुवर्षं खत आणि मजूर सोडून कशावर बोलले नव्हते, त्यांनी बाबांच्या पाठीवर हात ठेवला. "आपल्या घरचा माणूस बेइमानी करत नाई," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. मी जळफळत होते, पण आतून एक हिशेबही चालू होता. कप नाही आला तर नाही आला, बाबांना बोलायला तोंड तर मिळालं! मोठेबाबा खूश आहेत. आता बाबा बोलतील.

दोनतीन दिवसांनी दिवेलागणीला सगळे पंगतीला बसले होते. आई आणि मी वाढत होतो. वांग्याची भाजी होती. मोठेबाबांनी भाकर मोडता मोडता बाबांना विचारलं, "मंग पोट्टीचं वाशिमचं पक्कं करून टाकू ना?"

बाबा ताटाकडे बघत होते. मी थांबले. एक घास, दोन घास. मग माझ्याच तोंडून निघालं. मोठेबाबांसमोर मी कधी आवाज काढला नव्हता. "मले वाशिमले नाई जायचं. मले नागपूरले जायचं हाये. गणित घ्यायचं हाये."

पंगत थांबली. काकाजींनी आपला चांगला कान माझ्याकडे वळवला. मोठेबाबा रागावले नाहीत, हे मला आजही आठवतं. ते नुसते बाबांकडे वळले आणि म्हणाले, "काय म्हणतं मंग तू?" अगदी साधा प्रश्न. मला वाटतं त्या दिवशी बाबा काहीही बोलले असते, विचार करू, चौकशी करू, एवढं जरी, तरी मोठेबाबांनी ऐकून घेतलं असतं.

बाबा म्हणाले, "तुमी म्हणान तसं, भाऊ."

आईच्या हातातला वाढायचा डाव भाजीच्या पातेल्यात आपटला. "पोरगी बोलली ना आत्ता," ती बाबांना म्हणाली. "तिले तरी काई म्हणा." बाबांनी पाणी मागितलं.

मी वाशिमला गेले. बी.ए. झाले, मग बी.एड., मग रिसोडला दिलं मला. सासर चांगलं मिळालं, उगाच कशाला नावं ठेवू. तिथल्या शाळेत गणिताला मास्तर टिकत नव्हता म्हणून मला आठवी-नववीचं गणित दिलं आणि निवृत्त होईपर्यंत मी ते शिकवलं. मुलं म्हणायची बाई फार कडक आहेत. शिकवायला मिळालं, शिकायचं राहिलं. फळ्यावर एखादं उदाहरण सोडवताना कधीकधी असं व्हायचं की याच्या पुढे काय आहे, याच्या वरच्या पायरीवर काय आहे, ते मला दिसायचं नाही, आणि सांगणारंही कुणी नव्हतं. मग मी मुलांवर ओरडायची. गोंगाट तेव्हा कुणीच करत नसायचं.

बाबांवर मात्र मी मनातल्या मनात एक निकाल देऊन ठेवला होता. माणूस इमानदार, गरजेपेक्षा जास्त इमानदार, आणि भित्रा. इमानदारीची किंमत मी मोजली. हे काही सुखाचं नव्हतं, पण त्यात एक अभिमान होता. माझ्या मुलांना मी स्वतः ती अकोल्याची गोष्ट सांगितली आहे, अध्यक्षांच्या भाषणासकट.

आई गेली, काकाजी त्याच्या आधीच गेले होते, मोठेबाबा तर कधीचेच. बाबा एकटे राहिले माझ्या चुलतभावाच्या संसारात, त्याच ओसरीवर. मी रिसोडहून महिन्यातून एकदा जायची. दोघांत ब्रिज होत नाही. मग आम्ही चार जागी पत्ते वाटायचो, आपापले उचलायचो आणि नुसती बोली करायचो. खेळायचं काही नाही. बाबांची बोली अजून पक्की होती. एका हिवाळ्यात, दुपारचंच, गावातले एक शिक्षक मुलाला घेऊन आले. त्यांना मुलाला दाखवायचं होतं, हेच ते अकोल्याचे आजोबा. बाबांनी काही सांगितलं नाही, शिक्षकांनीच सगळी गोष्ट सांगितली, बाबांच्या पाया पडले आणि गेले. मी तुरीच्या शेंगा सोलत होते. माझं डोकं सणकलं. इतक्या वर्षांनी सणकलं.

"बस झालं आता, बाबा," मी म्हटलं. "त्या इमानदारीपायी माह्यं जे झालं ते झालं. पण निदान लोकाइनं तरी आता बंद करावं."

बाबांनी हातातले पत्ते जुळवले. मग म्हणाले, "सुमे, तो पास इमानदारीचा नव्हता."

"मंग?"

"तुह्याजवळ एवढे पत्ते असतीन असं वाटलं नाई मले." ते माझ्याकडे बघत नव्हते. "एवढी मोठाली माणसं, पंच आला, तू घाबरलेली. मले वाटलं पोरगी गडबडली, एक म्हणाच्या जागी दोन म्हणून बसली. अजून पुढं नेलं तर फजिती होईन तुही चारचौघात. म्हणून म्हटलं, इथंच थांबवावं. वाचवावं तुले." पुढे ते म्हणाले, "मंग तो अध्यक्ष इमानदारी म्हणाला. मी काई म्हणालो नाई."

मी शेंग हातात धरून बसले. मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "आणि मोठेबाबांनी इचारलं तवा?"

"तवा बी तेच," बाबा म्हणाले. "नागपूर मोठं. तुले झेपलं नसतं तर?"

मला ओरडावंसं वाटलं. समोर ऐंशी ओलांडलेला माणूस, हातात तेरा पत्ते घट्ट धरून बसलेला, आणि त्याला खरोखरच वाटत होतं की त्यानं दोन्ही वेळा माझ्यावर माया केली. केलीच होती. तेच तर होतं. ज्याच्यावर इतकी वर्षं रागावले होते तो इमानदार माणूस कधी नव्हताच, आणि या दुसऱ्या माणसावर नव्यानं रागवायला माझ्याकडे वय उरलं नव्हतं. तरी राग आला तो आलाच.

"झेपलं असतं की नाई ते मीच सांगतलं असतं ना, बाबा," मी म्हटलं. "तुमी फक्त काईतरी बोलाचं होतं. माह्या हातात काय हाये ते पुढं मी सांगणारच होती."